ई-मेलमधील जंक पत्रांची चाळणी

औषधालयांच्या ई-मेल खात्यांवर शक्तिवर्धक औषधांच्या अनाहूत जाहिरातींचा मारा होत असतो. थंडरबर्ड या मोफत आज्ञावलीत 'अकाउंट सेटिंग्ज'मधील 'जंक सेटिंग्ज' उघडून 'अ‍ॅडॅप्टिव्ह जंक मेल कंट्रोल्स' चालू केल्यास अशी पत्रे वेगळी काढता येतात.

ही चाळणी १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थॉमस बेझ यांच्या संभाव्यता-सिद्धान्तावर चालते. नकोशा पत्रांत कोणते शब्द अधिक येतात, हे ती आपण केलेल्या खुणांवरूनच शिकते. आपल्या व्यवसायाची अडचण नेमकी येथेच आहे. अश्वगंधा, शिलाजित, वाजीकरण हे शब्द जाहिरातींत असतात, तसेच मागणीपत्रांतही! केवळ 'जंक' अशीच खूण करीत गेल्यास एखाद्या वैद्यांचे खरे मागणीपत्र जंक कप्प्यात पडून राहण्याचा संभव असतो. म्हणून चांगल्या पत्रांवरही 'नॉट जंक' अशी खूण अवश्य करावी. 'जे' व 'शिफ्ट-जे' या कळांनी ही दोन्ही कामे क्षणात होतात. नेहमीच्या वैद्यांचे व पुरवठादारांचे पत्ते अ‍ॅड्रेस बुकात नोंदवून, त्यांची पत्रे चाळणीतून वगळण्याचा पर्याय निवडावा. ठरावीक दिवसांनंतर जंक पत्रे आपोआप नष्ट करण्याची सोय मात्र औषधालयांनी बंदच ठेवलेली बरी.

खाते 'पॉप' पद्धतीचे असल्यास सेवादात्याने स्वतःच्या स्पॅम कप्प्यात अडविलेली पत्रे संगणकावर उतरतच नाहीत. ती सेवादात्याच्या संकेतस्थळावर जाऊनच पाहावी लागतात.