घडीचे टेबल, भक्कम रणांगण

पुणे–नगर रस्त्यावरच्या सुप्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात अनेकांचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत असतो. तिथे टेबलावरचा युद्धखेळ मांडायचा म्हटला, की आधी जागेचाच प्रश्न येतो. या खेळात छोट्या सैनिकांच्या तुकड्या मैदानावर हलवतात, अंतर पट्टीने मोजतात आणि चकमकीचा निकाल फाशांवर लावतात. नगर जिल्ह्यात अशा डावांना विषयांची वाण नाही. 1624 मध्ये मलिक अंबरने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजांची छावणी चिखलात रुतवली. 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला नमवले. पण अशी लढाई ऐसपैस मांडायला सहा बाय चार फुटांचे टेबल लागते. त्याहून रुंद केले तर मधल्या तुकड्यांपर्यंत हात पोहोचत नाही. एवढे टेबल कायम उभे ठेवणे परवडत नाही, म्हणून ते घडीचे हवे. आणि घडीचे म्हणजे डगमगणारच, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. भक्कमपणा लाकडाच्या जाडीवर कमी आणि ते कसे लावले यावर जास्त अवलंबून असतो.

टेबलावर भार कशाचा येतो ते पाहा. सैन्य, टेकड्या, झाडे मिळून काही किलोच भरतात. खरा भार खेळाडूंचा. दूरची तुकडी हलवताना माणूस कडेवर कोपर टेकून पुढे झुकतो. तो टेबल दाबतो आणि ढकलतोही. जाड फळी घेतली तर 18 मिलिमीटरचा नुसता प्लायच पंचवीस किलोच्या आसपास जातो आणि ढकलण्यापुढे तो काही कामाचा नाही. त्याऐवजी 9 मिलिमीटरचा प्लाय घ्यावा आणि खालून दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट मारावी, पण पट्ट्या उभ्या लावून. ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तीच पट्टी उभी लावली की आडवीच्या चौपट ताठ होते. पायांना तिरकी पट्टी हवीच. चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही.

प्लायचे आठ बाय चारचे एक पान पुरते. त्यातून तीन बाय चारचे दोन भाग निघतात आणि उरलेला तुकडा कोपऱ्यांच्या आधारांना वापरता येतो. हे दोन्ही भाग बिजागरीच्या दोन घोड्यांवर ठेवायचे. घोड्या टोकांपासून दीड-दीड फूट आत ठेवल्या, तर टेबलाच्या स्वतःच्या वजनाने मधल्या सांध्यावर वाकवणारा जोर जवळजवळ येतच नाही. दोन बाजूंचा भार एकमेकांना तोलतो. ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि तिला एक पैसाही जास्त लागत नाही. मात्र टेबलाच्या टोकावर कोणी बसू नये, आणि वरचे भाग घोड्यांना बोल्टने आवळावेत. उंची स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी ठेवली तर उभ्याने खेळताना पाठ भरून येत नाही.

जमिनीवरच का खेळू नये, असे कोणी विचारेल. एच. जी. वेल्सने 1913 च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये मांडलेला खेळ जमिनीवरचाच होता, त्यामुळे आक्षेप बिनबुडाचा नाही. पण तीन-चार तास वाकून बसणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांपासून फौज सांभाळणे मोठ्यांना जड जाते. बाजारातले प्लास्टिकचे घडीचे टेबल बहुधा अडीच फूट रुंद असते. ते या कामाला अपुरे. टेबलाच्या जडपणाने हा खेळ पूर्वीही अडकला होता. 1812 मध्ये राइसविट्झने प्रशियाच्या राजासाठी केलेला युद्धखेळ सोंगट्यांच्या खणांसकट सहा फुटी कपाटासारख्या टेबलावर होता. तो राजवाड्यातच राहिला. राइसविट्झच्या मुलाने 1824 मध्ये तोच खेळ कागदी नकाशांवर आणला, तेव्हा तो सैन्यात पसरला.

काळजी घ्यायची ती सांध्याची. दोन भागांत एक मिलिमीटरचाही उंचवटा राहिला तर वीस मिलिमीटरच्या बैठकीचा घोडेस्वार तिथे तिरका उभा राहतो. म्हणून समोरासमोरच्या पट्ट्यांत लाकडी खुंट्या बसवाव्यात. दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून भोके एकदमच पाडली, तर फरक राहत नाही. नंतर हाताने फिरवता येणाऱ्या नटाचे दोन बोल्ट पुरतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा खुंट्या किंचित सैल ठेवाव्यात आणि सुटे केलेले भाग भिंतीला तिरके न टेकवता उभे ठेवावेत, नाहीतर प्लायला बाक येतो.