लांबच्या वाटेवर मोटार तेल का पिते?

आपल्याकडे 'गाडी तेल किती खाते?' असं कोणी विचारलं, म्हणजे त्याच्या मनात पेट्रोल किंवा डिझेल असतं. मी बोलणार आहे ते दुसऱ्या तेलाविषयी. इंजिनाच्या पोटात राहून लोखंडाला लोखंडाशी घासू न देणारं जे वंगण, त्याविषयी. पेट्रोल जळण्यासाठीच असतं. वंगणानं मात्र जळू नये, सांडू नये, जागच्या जागी राहून काम करावं, अशी आपली अपेक्षा. जुन्या मोटारी, त्यातही शर्यतीच्या थाटाच्या जुन्या मोटारी, ही अपेक्षा पुरी करीत नाहीत. आणि मुक्काम जितका लांबचा, तितकी त्यांची तहान मोठी.

मी भाषेचा अध्यापक. इंजिनाशी माझा संबंध एस. टी.त पुढच्या बाकावर बसण्यापुरता. या विषयात पडलो तो परंड्यातल्या एका वकील स्नेह्यांमुळे. त्यांच्या वडिलांनी, ज्यांना सारं गाव अण्णा म्हणतं, 1960 नंतर केव्हातरी पुण्यात एक वापरलेली एम. जी. मोटार घेतली. 'टी. सी.' नावाचा हा नमुना इंग्लंडात ॲबिंग्डन गावी 1945 ते 1949 या काळात तयार होत असे. दोघांपुरती बैठक, वर कापडी टप, तारांच्या आऱ्यांची चाकं आणि 1,250 घनसेंटिमीटरचं इंजिन. अण्णा आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. धाकटी बहीण पुण्यात अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायला जायचं ते याच गाडीतून, असा त्यांचा हट्ट; कारण लग्नानंतर तिला सासरी पोचवली होती ती याच गाडीतून.

वकीलसाहेबांनी आधी एकट्यानं पुण्याची फेरी करून पाहिली. गावात महिना-महिना जिची तेलाची पातळी हलत नाही, ती गाडी कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करीत दोनशेवर किलोमीटर गेली आणि तेवढ्यात पाऊण लिटर तेल प्याली. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून निकाल दिला : इंजिन उतरवा, बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला. खर्च दीड लाखाच्या घरात. सामान इंग्लंडहून यायचं, तेव्हा सहा महिने धरा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडीला सहा महिने आहेत रे. तिला आहेत का, ते बघ."

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गावात गरीब गाईसारखी वागणारी गाडी लांबच्या वाटेवर अशी का वागते? माझ्या आजोबांच्या बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचं नळकांडं लोंबत असे. शिवारात ते आठवडाभर कोणी सोडत नसे. बार्शीच्या बाजाराला निघालं की वाटेत आस कुरकुरू लागायचा आणि नळकांडं सोडावं लागायचं. (आमच्या परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ 1632 साली विजापूरला नेली. त्या प्रवासात किती वंगण खर्ची पडलं असेल, याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही.) चाक जितकं फिरेल, तितकं वंगण बाहेर पडतं. मोटारीत एवढंच, की बाहेर पडायच्या वाटा अधिक आणि डोळ्याआडच्या.

पहिली वाट पिस्टनच्या कडेनं. पिस्टनला कमरपट्ट्यासारख्या रिंगा असतात. नळकांड्याच्या भिंतीवरचं तेल निपटून खाली ढकलणं हे त्यांचं काम. या इंजिनात पिस्टन 90 मिलिमीटर वर आणि 90 मिलिमीटर खाली जातो. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाला चौथ्या गिअरातसुद्धा क्रँकचे मिनिटाला तीन हजारांवर फेरे होतात. म्हणजे दर मिनिटाला पिस्टनचा अर्ध्या किलोमीटरहून जास्त घासत प्रवास. आजच्या मोटारींना पाचवा, सहावा गिअर असतो, त्यांचं इंजिन त्याच वेगाला पुष्कळ सावकाश फिरतं. शिवाय तास-दोन तासांत तेल तापून पातळ होतं आणि रिंगांच्या फटीतून सहज वर चढतं. चढलेलं जळतं, आणि त्याचा धूर निळसर दिसतो.

दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून. त्या ज्या गाइडमध्ये खालीवर होतात ती झिजली, की वरचं तेल आत ओढलं जातं. हे जास्तीत जास्त घडतं ते उतारावर, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असताना. कारण तेव्हा इंजिन आतून जोरानं ओढ घेत असतं. उतार संपून पुन्हा पाय दिला की मागून निळा लोट निघतो. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर निघाला तर रिंगांचा संशय घ्यावा. उतारानंतर एकदम भपकारा आला तर गाइडचा. काळा धूर या भानगडीतला नव्हे, तो जास्तीच्या पेट्रोलचा.

हे सगळं मला शिकवलं बार्शीच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. त्यांचा जन्म विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. ते म्हणाले, "सर, इंजिन उघडायला एक दिवस लागतो, मिटवायला वर्ष. आधी बघू या." मग मला फटफटीवर बसवून त्यांनी येडशीचा घाट दाखवला. वकीलसाहेब पुढे, मी मागे, नजर सायलेन्सरवर. वर जाताना धूर नाही, उतरताना नाही, पायथ्याशी पुन्हा पाय दिला तेव्हा जेमतेम उदबत्तीएवढा. मग त्यांनी एकेका नळकांड्याचा दाब मोजला. चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजला. रिंगा झिजल्या असतील तर तेल फटी बुजवतं आणि दाब चांगला वाढतो. इथे काटा फारसा हलला नाही. म्हणजे ज्या रिंगांसाठी दीड लाख मागितले होते, त्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

पुढचा प्रश्न मिस्त्रींनी विचारला तो मला भारी वाटला : "गावात तेल उतरत नाही, असं कोण म्हणतं?" दांडी ओढून त्यांनी वकीलसाहेबांच्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास. कोर्टापर्यंत आणि परत, एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून ओघळून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. तेल हळूहळू कमी होत होतंच, पण त्याची जागा पेट्रोल भरून काढीत होतं आणि दांडीवरची खूण जिथल्या तिथे दिसत होती. दुधात पाणी घालून माप पुरं करावं, तसं. लांबच्या प्रवासात तेल चांगलं तापलं, पेट्रोल उडून गेलं, आणि महिन्या-दोन महिन्यांची तूट एका दिवसात उघडी पडली. दोष पुण्याच्या रस्त्याच्या माथी आला.

तरीही पाऊण लिटरचा सगळा हिशेब एवढ्यानं लागेना. मिस्त्री गाडीखाली शिरले. इंजिन आणि क्लच यांच्या मधल्या कप्प्याच्या तळाशी एक भोक असतं, त्यात एक स्प्लिट पिन लोंबती ठेवलेली असते. ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे, बरं का! या इंजिनाच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नाही. क्रँकच्या दांड्यावर बुचाच्या आट्यांसारखे आटे पाडले आहेत. दांडा फिरू लागला की ते आटे बाहेर येऊ पाहणारं तेल उलट आत ढकलतात. युक्ती सुरेख, पण दोन अटींवर चालणारी. इंजिन थांबलं की आटेही थांबतात, म्हणून उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडायचेच. आणि आतल्या वायूचा दाब वाढला, तर आट्यांचं काही चालत नाही.

दाब येतो कुठून? रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाचा थोडा वायू खाली निसटतोच. वेग वाढला की तो जास्त. त्याला बाहेर जाण्यासाठी इंजिनाच्या कुशीतून एक नळी खाली सोडलेली असते. मिस्त्रींनी त्या नळीत तार घातली. ती चार बोटं गेली आणि अडली. खरवडून काढलं तर आधी निघाली कुंभारमाशीच्या घरट्याची वाळलेली माती, आणि तिच्यावर डांबरासारखा काळा गाळ. गाडी वर्षानुवर्षं पडवीत उभी. नळीचं तोंड खाली उघडं. कुंभारमाशीला याहून निवांत जागा कुठली? गावातल्या वेगाला वायू वरच्या दुसऱ्या वाटेनं कसाबसा जात होता. हमरस्त्यावर ती एक वाट पुरेना, दाब कोंडे आणि मागच्या आट्यांतून तेल बाहेर पडे. ते वाऱ्यानं गाडीच्या पोटाखाली पसरे, म्हणून कोणाला दिसतही नसे.

नळी रॉकेलनं धुतली, तेल बदललं. मजुरी घ्यायला मिस्त्री तयार नव्हते. अण्णांनी त्यांच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. मग मोजणी नीट सुरू केली. पडवीतल्या एकाच सपाट फरशीवर गाडी उभी करायची, फिरून आल्यावर दहा मिनिटं थांबायचं, दांडी पुसून बघायची, आणि वरच्या खुणेपर्यंत भरायला लागेल ते तेल औषधाच्या मापानं मोजून वहीत मांडायचं. खुणेच्या वर एक थेंब नाही. जास्तीचं तेल आत राहत नाहीच.

मार्गशीर्षात अण्णा पुण्याला जाऊन आले. ताशी साठ-पासष्टच्या वर जायचं नाही, हे मुलानं कबूल करून घेतलं होतं. इंदापूरच्या पुढे ते किती पाळलं गेलं, ते मी विचारलं नाही. जाऊन-येऊन चारशेवर किलोमीटर झाले, वहीत तेल लागलं अर्ध्या लिटरला थोडं वर. बहिणीला खुर्चीसकट दारात आणून गाडी दाखवली. निघताना फरशीवर तेलाचे दोन डाग राहिले होते. सूनबाई फडकं घेऊन आली, तर म्हातारी म्हणाली, "राहू दे गं ते."