रोज डोकं दुखतंय? आधी गोळ्यांची पट्टी मोजा



परवा सोसायटीच्या ऑफिसात हिशोब चालू होता. आपले एक जुने सभासद आले, बसल्या बसल्या खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली. विचारलं तर म्हणाले, "सकाळी एक, दुपारी एक. दोन वर्षं झाली. नाही घेतली तर डोकं उठतं." बाकीचे हसले. पण त्यातल्या तिघांच्या खिशात तशीच पट्टी होती, म्हणून आज हा विषय.

आपल्या धंद्यात डोकं दुखायला कारणं कमी नाहीत. पहाटे तीनला उठायचं, चहावर निघायचं, उन्हं वर येईपर्यंत पोटात काही नाही. महीवर असा की चांदोदला नर्मदेवर, पाण्यावरून ऊन उलटून डोळ्यांत येतं. बडोद्याचा मे महिना तर चाळीसच्या वरच असतो. अंगातलं पाणी घामावाटे जातं, आणि सगळीकडे पाणी असून प्यायला मात्र बाटलीत घोटभरच. लघवी गडद पिवळी होत असेल तर समजा, डोकं पाणी मागतंय. जाळं सांधणाऱ्यांचं वेगळं. चाळिशी उलटली की जवळचं दिसणं कमी होतं, गाठ मारताना डोळे बारीक करावे लागतात, संध्याकाळी कपाळ ठणकतं. त्यांना गोळी नको, चष्मा हवा. डोक्यावर पाटी घेणाऱ्या ताईंची मान आखडते आणि दुखणं मानेतून वर चढतं. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा हेच, ताणाचं दुखणं.

अर्धशिशी निराळी. बहुधा एकाच बाजूला ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा, काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत. बायकांना जास्त होते, पाळीच्या आसपास तर खासच. "नाटक करते" म्हणणाऱ्यांनी एकदा हे वाचावं. त्यावर खरी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी द्यायची.

आणि ते बीपीचं. डोकं दुखलं की बीपी वाढलं, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. खरं तर बीपी फारच वर गेल्याशिवाय सहसा डोकं दुखत नाही. म्हणून डोकं दुखत नाही तर बीपी ठीकच असणार, हा हिशोबही चुकीचा. ते मोजूनच कळतं.

आता गोळीकडे येऊ. साधी दुखण्याची गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफिन वगैरे मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. असर उतरला की डोकं उठतं, आपण दुसरी घेतो, आणि चक्र फिरत राहतं. आपल्या त्या सभासदांचंही बहुधा हेच चाललंय. सुटका होते, पण बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून हे डॉक्टरांना सांगूनच करा. साधारण आठवड्यात दोन दिवसांच्या वर गोळी लागत असेल तर दुकानात नाही, दवाखान्यात जायची वेळ झाली. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या उन्हातान्हात, अंगात पाणी कमी असताना रोज घेतल्या तर किडनीला मार बसतो.

तापाबरोबर डोकं दुखलं तर जास्त सावध राहा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं ते आपण विसरलो नाही. अशा पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू असतात आणि पायाच्या चिरेतून ते अंगात शिरतात. जाळ्याने, काट्याने चिरा पडलेले आपले हातपाय म्हणजे त्यांना उघडं दारच. सुरत, नवसारी, वलसाडकडे हा आजार पावसाळ्यात नवा नाही. ताप, जोराचं डोकं, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं झालं तर "पाण्यात काम केलंय" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. लवकर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, उशीर झाला तर किडनी-लिव्हरवर जातो. डोळ्यांच्या मागे दुखत असेल तर डेंग्यूही असू शकतो. त्यात अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल, तेही बेताने.

आणखी एक, फार कुणी बोलत नाही असं. थंडीत बंद झोपडीत सगडी पेटवून झोपतात, किंवा घरी खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर चालतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. ना वास, ना रंग. सकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं जड, मळमळ, आणि बाहेर हवेत आलं की बरं, असं असेल तर ते पित्त नाही. सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडा आणि दवाखाना गाठा. त्या खोलीत परत झोपू नका.

आता ज्यात थांबायचंच नाही ते. मिनिटभरात कळस गाठणारं, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं दुखणं. तोंड वाकडं, एका हातापायातली ताकद गेली, बोबडी वळली. ताप आणि मान ताठ. फिट आली, शुद्ध हरपली, एकदम दिसेनासं झालं. होडीत घसरून डोकं आपटलं आणि नंतर उलट्या किंवा गुंगी. गरोदर ताईचं डोकं जोरात दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. यातलं काहीही झालं तर लगेच १०८ लावा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून "सकाळी बघू" करू नका, आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा.

इतकी घाई नसली तरी चार दिवसांत दाखवायला हवं असंही असतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, आठवड्यागणिक वाढत जाणारं, झोपेतून उठवणारं, खोकलं-वाकलं की वाढणारं. कानशील दाबलं की दुखतं आणि चावताना जबडा भरून येतो, असं साठीतल्या माणसाला होत असेल तर त्याच दिवशी जा, त्यात नजर जाऊ शकते.

सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत जायचं तर सकाळी लवकर निघा. सोबत एक कागद न्या: कुठल्या तारखेला दुखलं, किती वेळ, त्या दिवशी काय खाल्लं, किती झोपलात, किती गोळ्या घेतल्या. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर फुली मारा, किंवा ऑफिसात या, आम्ही लिहून देऊ. आणि रिकाम्या पट्ट्या फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मावा, गुटखा, मशेरी काय चालतं तेही खरं सांगा, लाजू नका.