औषध सल्लागार मंडळ : खुर्च्या कोणाच्या आणि नेमणूक कशी?

काही काळापूर्वी आसेगाव येथील माझ्या चिकित्सालयात मधुमेहाचे एक वयोवृद्ध रुग्ण आले. खिशात वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण होते. त्यातील चूर्णाच्या भरवशावर त्यांनी नित्याची औषधे सोडली होती आणि पायाची जखम चिघळली होती. अशा जाहिरातींसंबंधीचे नियम ज्या मंडळाच्या सल्ल्याने होतात, त्याची घटना आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम ३३-सी अन्वये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषध तांत्रिक सल्लागार मंडळ स्थापन होते. केंद्र शासन या औषधांचे नियम मंडळाशी विचारविनिमय करून अथवा त्याच्या शिफारशीवरून करते. मंडळावर आरोग्य सेवा महासंचालक, भारताचे औषध नियंत्रक आदी पदसिद्ध अधिकारी, वनस्पती-औषधिशास्त्रज्ञ, वनस्पती-रसायनज्ञ, द्रव्यगुण व भैषज्यकल्पनेचे अध्यापक, तसेच फार्माकोपिया समित्यांतील सदस्य असतात. आयुर्वेदीय औषध उद्योगाचा प्रतिनिधी एक व चिकित्सकांचा एक. नामनिर्देशित सदस्यांची मुदत ३ वर्षे असून पुनर्नियुक्ती होऊ शकते.

कागदावर हा तोल वाईट नाही. परंतु उद्योगाची ती एकच खुर्ची मोठ्या कंपनीची आणि भट्टीवर स्वतः आसव-अरिष्टे सिद्ध करणाऱ्या तालुक्याच्या फार्मसीचीही! चिकित्सकांचा प्रतिनिधी आपण निवडून देत नाही. शासन त्यास नामनिर्देशित करते. रुग्णासाठी तर जागाच नाही.

याचा परिणाम नियम १७० च्या प्रकरणी दिसला. जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची संमती घेण्याचे बंधन घालणारा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. २०२३ मध्ये याच मंडळाने तो वगळण्याची शिफारस केली, आणि अंतिम अधिसूचना निघण्यापूर्वीच आयुष मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई न करण्याचे पत्र धाडले. १ जुलै २०२४ रोजी नियम वगळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ प्रकरण निकाली निघताच स्थगितीही संपली. १९५४ चा जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अद्याप लागू आहे व मधुमेह त्याच्या अनुसूचीत आहे, हे फार्मसीचालकांनी विसरू नये. शिफारस योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतील. ती करताना कोणत्या सदस्याचे कोणाशी व्यावसायिक संबंध होते, हे जाहीर करण्याचे बंधन मात्र कलम ३३-सी मध्ये नाही, आणि मला खटकते ते हेच.

आपल्याच क्षेत्रात याहून बरी तरतूद झाली आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेत निवडून आलेल्यांचे बहुमत होते. तथापि ५ वर्षांची मुदत संपली तरी उत्तराधिकारी येईपर्यंत सदस्य पदावर राहू शकत. निवडणुका लांबल्या की मुदतीस अर्थच उरत नसे. तिच्या जागी २०२० च्या कायद्याने २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग आला. त्याच्या अध्यक्षासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील शोध समिती नावे सुचविते, आणि सदस्यांना मालमत्ता व व्यावसायिक संबंध यांचे विवरण द्यावे लागते. निर्वाचित प्रतिनिधित्व आक्रसले, ही खंत मलाही आहे. पण केवळ निवडणुकीने उत्तरदायित्व येते, असा अनुभव परिषदेने दिला नाही.

औषध मंडळासही हीच विवरणाची अट लागू व्हावी, कार्यवृत्त वेळीच प्रसिद्ध व्हावे, लघु फार्मसींसाठी वेगळी जागा असावी आणि एक जागा रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यास मिळावी, अशी मागणी आपल्या संघटनेने मंत्रालयाकडे लेखी करावी. शेवटच्या मागणीस आपल्यातूनच विरोध होईल, याची मला कल्पना आहे.