क्लाऊनफिशला समुद्रपुष्पाची गरज असते का?

वैभववाडी - सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तीनच तालुके समुद्राला लागून आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वैभववाडीला किनारा नाही. त्यामुळे येथे कोणी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवायचे ठरविले, तर समुद्र घरातच तयार करावा लागतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाऊनफिश हे या हौसेचे मोठे आकर्षण. २००३ मध्ये आलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने त्याला घराघरांत पोहोचविले आणि त्याबरोबर एक समजही रुजला, की समुद्रपुष्पाशिवाय म्हणजे सी अ‍ॅनिमोनशिवाय हा मासा जगत नाही. समुद्रात हे बऱ्याच अंशी खरे आहे. काचेच्या टाकीत मात्र नाही.

समुद्रपुष्प नावाने फूल असले, तरी तो प्राणी आहे; प्रवाळ आणि जेलीफिश यांचा नातलग. त्याच्या शुंडकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात आणि स्पर्श झालेल्या माशाला त्या बधिर करतात. क्लाऊनफिशला त्याच्या अंगावरील चिकट आवरण या दंशापासून वाचविते. पोहण्यात फारसा चपळ नसलेला हा मासा मोठ्या माशांना चुकविण्यासाठी त्या शुंडकांत शिरतो. मोबदल्यात तो समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या माशांना हुसकावतो आणि त्याच्या उत्सर्जनातून समुद्रपुष्पाला पोषण मिळते. जगात समुद्रपुष्पांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. क्लाऊनफिशना आसरा देणाऱ्या जेमतेम दहा.

घरच्या टाकीत शिकारी मासा नसतो, म्हणजे आसऱ्याचे मुख्य कारणच उरत नाही. शिवाय उबवणी केंद्रात जन्मलेल्या माशाने समुद्रपुष्प पाहिलेलेही नसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम आणि केरळमधील विळिंजम येथे क्लाऊनफिशचे प्रजनन यशस्वी केले आहे. महाराष्ट्रातही नवी मुंबईत ऐरोली येथे शोभिवंत सागरी माशांचे उबवणी केंद्र आहे. समुद्रात ही जोडी समुद्रपुष्पाच्या बुंध्याजवळच्या खडकावर अंडी घालते. उबवणी केंद्रात तिला फरशीचा किंवा खापराचा तुकडाही पुरतो. घरच्या टाकीत असा मासा एखादा कोपरा, दगडाची कपार, प्रसंगी चक्क पाण्याचा पंपही आपले घर मानतो.

खरी अडचण समुद्रपुष्पाची आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्या शैवालाला प्रखर प्रकाश लागतो. साधी ट्यूबलाइट तेथे उपयोगाची नाही. पाण्याची क्षारता आणि तापमान जवळपास स्थिर हवे. टाकी किमान सहा महिने मुरलेली हवी. जागा पसंत पडली नाही, तर हा प्राणी टाकीभर सरकत राहतो आणि पंपात ओढला जाऊन चिंधड्या होतो. मेल्यावर त्याच्या कुजण्याने पाणी बिघडते आणि एका रात्रीत सारे मासे दगावू शकतात. माशाची सोय म्हणून आणलेली वस्तूच अशी माशाच्या जिवावर उठते. लहान मासे, कोळंबी हेही त्याच्या शुंडकांत सापडले तर त्याचे भक्ष्य होतात.

कोकणातील पावसाळा ही आणखी एक परीक्षा. वादळी पावसात घाटाखालच्या गावांतील वीज तासन् तास जाते. पंप बंद पडला, की पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवला, तर माशांचे निभावते. मात्र समुद्रपुष्पासाठी लागणारे दिवे आणि प्रवाह त्यावर चालत नाहीत. देवगड वा मालवणहून डब्यांत समुद्राचे पाणी आणण्याचा विचारही पावसाळ्यात सोडलेलाच बरा. खाड्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्यामुळे किनाऱ्याजवळची क्षारता घटते आणि गाळही मिसळतो. तयार सागरी मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळणे अधिक भरवशाचे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र गोडेच भरावे लागते, कारण मीठ टाकीतच राहते.

बाजारात मिळणारी पांढरीशुभ्र किंवा भडक पिवळी समुद्रपुष्पे पाहून भुलू नये. पांढरे बहुधा शैवाल गमावलेले, म्हणजे उपाशी असते. भडक रंग अनेकदा कृत्रिम असतो. यांतील बहुतेक समुद्रातून काढलेली असतात. किनाऱ्यावर फिरताना स्वतः एखादे उपटून आणण्याचा मोहही नको. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून परवानगीविना वन्यजीव काढणे गुन्हा आहे, तर दगडी प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे कठोर संरक्षण आहे.

निरोगी समुद्रपुष्प दीर्घायुषी असते. स्कॉटलंडमध्ये १८२८ मध्ये गोळा केलेले थंड समुद्रातील एक समुद्रपुष्प १८८७ पर्यंत जगले होते. हौशी माणसाच्या टाकीत मात्र त्याचे काही महिन्यांतच मरणे नवलाचे नाही.

तेव्हा नवख्याने उबवणी केंद्रातील दोन लहान क्लाऊनफिश आणावेत आणि शंभर लिटरच्या टाकीत एखादी मातीची कुंडी आडवी ठेवावी. हे सारे मासे प्रथम नर म्हणून वाढतात; दोघांतील मोठा पुढे मादी होतो आणि त्यांची जोडी जमते. वर्षभर पाणी स्थिर राहिले, तर समुद्रपुष्पाचा विचार तेव्हा करता येईल.