टीव्हीला संगणकाचा पडदा करताना

संगणकाचा मॉनिटर बंद पडला की नव्याचा खर्च समोर उभा राहतो. घरात एचडीएमआय जोडणी असलेला टीव्ही असेल, तर तो खर्च टाळता किंवा निदान लांबणीवर टाकता येतो. मात्र केबल जोडली की काम संपले, असे होत नाही. टीव्ही दुरून चित्र पाहण्यासाठी घडवलेला असतो, मॉनिटर जवळून अक्षरे वाचण्यासाठी. बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

प्रथम जोडणी. दोन्ही यंत्रे बंद करून केबल लावावी. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्या कार्डाच्याच पोर्टमध्ये खोचावी; मदरबोर्डवरील पोर्ट वापरल्यास पडदा अनेकदा कोराच राहतो. जुन्या संगणकाला पंधरा पिनांचा व्हीजीए पोर्ट तेवढाच असेल आणि टीव्हीला तो नसेल, तर संकेताचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. नुसते टोक बदलणारी केबल चालत नाही. एचडीएमआयमधून आवाजही जातो, व्हीजीएमधून जात नाही. त्यानंतर रिमोटने योग्य ‘सोर्स’ निवडावा. तरीही चित्र न दिसल्यास, संगणक विंडोज प्रणालीचा असेल तर विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून पडदा निवडावा.

चित्र आले, पण खालची टास्कबार कापली गेली, अशी तक्रार नेहमीची. प्रक्षेपणाच्या जुन्या पद्धतीनुसार अनेक टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा लपवतात. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असतो, तो निवडावा. त्या इनपुटला ‘पीसी’ हे नाव दिल्यास अनेक संचांत रंगीत अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात. माउसचा बाण हाताच्या मागे रेंगाळत असेल, तर ‘गेम मोड’ सुरू करावा.

आता डोळ्यांचा प्रश्न. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके असतात. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या ३२ इंची टीव्हीवर ते अवघे ४९ भरतात. अशा टीव्हीवर चित्रफीत उत्तम दिसते. पण टेबलावर ठेवून तासन् तास मजकूर वाचणे त्रासाचे ठरते. ४३ इंची फोर-के टीव्हीवर हेच प्रमाण १०२ च्या आसपास जाते. तेथे पोर्टची आवृत्ती मात्र पाहावी: एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, २.० वर ६० वेळा.

शेवटची गोष्ट आपल्या हवामानाची. डिश किंवा केबलची तार सेट टॉप बॉक्समधून टीव्हीला आणि आता टीव्हीमार्गे संगणकालाही जोडलेली असते. वीज जवळपास कोसळल्यास तिचा झटका त्या वाटेने संगणकापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून दोन्ही यंत्रे चांगले अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर असावीत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मात्र गडगडाट सुरू होण्याआधीच त्यांचे प्लग काढावेत आणि डिशची तारही सोडवावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मॉनिटरचे पैसे वाचवताना टीव्ही आणि संगणक, दोन्ही गमावण्याची वेळ येऊ नये.