रिद्धपूरहून डायनासोरच्या अंड्यांपर्यंत

‘वऱ्हाडात फिरण्यासारखं आहे तरी काय?’ पुण्या-मुंबईकडचा पाहुणा हा प्रश्न विचारतोच. त्याच्या डोळ्यांपुढे कापूस, तूर आणि मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा असतो. त्याला वाद घालत बसू नये. हिवाळ्यातल्या सकाळी रिद्धपुरात आणून उत्तरेकडे तोंड करून उभं करावं. दूर जी निळी रेघ दिसते ती सातपुड्याची गाविलगड रांग. त्या रेघेत घळी आहेत, भुयारं आहेत, धबधब्यामागची देवळं आहेत आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीची अंडीसुद्धा आहेत. बघायची तर पायी किंवा सायकलने. चारचाकीच्या काचेतून फक्त ढाबे दिसतात.

मराठी गद्याचे पाय

सुरुवात रिद्धपुरातूनच करायची, कारण पायपिटीचं हे मूळ गाव. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, म्हणजे ‘लीळाचरित्र’, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथेच सिद्ध केला. इथे म्हणजे निव्वळ एका जागी बसून नव्हे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना गाठून, विचारून, पडताळून त्या गोळा केल्या. आजच्या भाषेत त्याला ‘फील्डवर्क’ म्हणतात आणि त्यासाठी अनुदान मागतात.

स्वामी स्वतः अखंड चालणारे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा रामटेकच्या यात्रेला म्हणून निघतो, रिद्धपुरात त्याला गुरू गोविंदप्रभू भेटतात आणि पुढचं सगळं आयुष्य वाटेवरच जातं. त्यांच्या एकट्याच्या भटकंतीचा भाग ग्रंथात ‘एकांक’ म्हणून वेगळा काढलेला आहे.

याहून गंमत ‘स्थानपोथी’ची. स्वामी कुठे थांबले, ते देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचं दार कोणत्या दिशेला, शेजारी काय, अशी जागांची बारकाईने केलेली ही नोंद. मराठीतली पहिली ट्रेकिंग गाइड म्हणा हवं तर. फोटो नाहीत, नकाशा नाही, पण वाचून माणूस बरोबर ओट्यापाशी पोचतो.

अर्धं गाव इकडे, महादेव तिकडे

मोर्शीपासून आठ-दहा किलोमीटर पॅडल मारलं की साळबर्डी. संत्र्याच्या बागांमधून जाणारा रस्ता. या मोर्शी-वरूड पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. नाव ऐकायला गोड, पण संत्र्यासाठी जमिनीतून इतकं पाणी उपसलं की भूजलवाल्यांनी पट्ट्याला ‘डार्क झोन’मध्ये टाकलं. तेव्हा वाटेत कुणी लोटाभर पाणी दिलं तर ते संत्र्याच्या रसापेक्षा महाग समजून प्या.

साळबर्डी दोन राज्यांच्या शिवेवर आहे. गाव महाराष्ट्रातही आहे नि मध्य प्रदेशातही, आणि डोंगरावरचं महादेवाचं भुयार पडतं बैतुल जिल्ह्यात. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. भस्मासुर मागे लागला तेव्हा महादेव या भुयारात शिरले नि थेट पचमढीला निघाले, असं लोक सांगतात. भुयारात वाकून जावं लागतं. ताठ मानेने आत गेलेला माणूस कपाळाला टेंगूळ घेऊन बाहेर येतो, त्याला भस्मासुर लागत नाही.

याच डोंगरात चक्रधरांनी बारा वर्षं काढली, अशी महानुभावांची परंपरा सांगते. म्हणजे एकाच टेकाडावर शैवांची यात्रा, महानुभावांचं स्थान, आणि शिवाय खडकात कोरलेल्या बौद्ध लेण्याच्या खोल्या. लेण्याचं श्रेय लोकांनी रीतसर पांडवांना देऊन टाकलंय. महाराष्ट्रात कुठलंही बेवारस कोरीवकाम पांडवांच्या सातबाऱ्यावर चढतंच.

अंडी!

भाविक वर बघत चढतात. भूगर्भशास्त्रज्ञ खाली बघत चालतात, आणि साळबर्डीत खाली बघणाऱ्यांचं नशीब जास्त फळलं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी या परिसरातून डायनासोरचं हाड आणि पुढे अंड्यांचं घरटं नोंदवलं. खडक ‘लमेटा’ जातीचा. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून आलं. अंडी लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या अवाढव्य डायनासोरांच्या जातकुळीतली, आकाराने साधारण नारळाएवढी. वीस-पंचवीस हात लांबीच्या जनावराचं पोर नारळातून निघायचं, ही निसर्गाची काटकसर.

आता हे इथेच कसं दिसतं? विदर्भाचा बराच भाग काळ्या बेसाल्टच्या जाड गादीखाली झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थरावर थर ओतले गेले, त्याची ही गादी. साळबर्डीजवळ मात्र जमिनीला मोठी भेग आहे. भेगेच्या एका अंगाचे खडक वर उचलले गेले, वरची गादी झिजली आणि खालचं जुनं अंथरूण उघडं पडलं. इथले गरम पाण्याचे झरेही त्या भेगेचेच नातेवाईक. ओढ्याच्या कडेने पायी गेलात तर काळा दगड संपून पांढुरका, मातकट दगड लागतो. एका पावलात आपण कित्येक लाख वर्षं मागे जातो. तिकीट नाही.

(दगड खिशात घालू नका. जीवाश्म जागेवर असला तरच काही बोलतो. दिवाणखान्यात ठेवला की तो फक्त पेपरवेट होतो.)

पावसाचा थेंब कुठं जाणार?

सोपं कोडं आहे, पण वऱ्हाडी माणूसही चुकतो. गाविलगडच्या उत्तर उतारावर थेंब पडला तर तो सिपना, गडगा, खापरा, खंडू किंवा डोलार या नदीतून तापीत. दक्षिण उतारावर पडला तर पूर्णेत. म्हणजे वेगळीकडे? छे! पूर्णा चांगदेवपाशी तापीलाच मिळते. डोंगराच्या दोन अंगांना पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर फिरून पुन्हा भेटतात नि अरबी समुद्रात जातात. आणि साळबर्डीकडचा थेंब? तो वर्धेला, तिथून गोदावरीला, बंगालच्या उपसागरात.

रविवारच्या फिरस्त्यांनी लावलेला शोध

भीमबेटकाच्या शैलचित्रांची गोष्ट शाळेत ऐकलेली असते. 1957 मध्ये वि. श्री. वाकणकरांना रेल्वेतून जाताना ते खडक दिसले नि ते उतरून पायी गेले. तशीच गोष्ट आपल्या दारात घडली, तीही पन्नास वर्षांनी. 27 जानेवारी 2007 ला डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे अमरावतीकडचे निसर्गप्रेमी सोबती मोर्शी तालुक्यातल्या धारूळ गावाच्या उत्तरेला डोंगरात भटकत होते. अंबादेवीच्या प्राचीन गुहेच्या आसपास त्यांना चित्रं असलेली शैलाश्रयं सापडली. पुढे शोधता शोधता ती शंभरावर गेली. जनावरं, माणसं, शिकारी. काही रंगवलेली, काही दगडात खोदलेली. अभ्यासक इथल्या वस्तीचा काळ पंचवीस हजार वर्षांपर्यंत मागे नेतात.

मला यातली एकच गोष्ट खटकते. गुराखी नि अंबादेवीचे भक्त त्या कपारींखाली पावसापासून पिढ्यानपिढ्या आसरा घेत आलेले असणार. चित्रं त्यांनी पाहिलीच असतील. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. म्हाइंभट असते तर विचारलं असतं.

मुक्तागिरी, धावती भेट

परतवाड्याहून चौदा-एक किलोमीटर. बावन्न जैन मंदिरं, मधोमध कोसळणारा धबधबा आणि डोंगरात कोरलेलं मेंढागिरी नावाचं जुनं देऊळ. सायकल खालीच ठेवा. पायऱ्यांना गिअर नसतात. पावसाळा सरता सरता गेलात तर पाणी आणि ऊन दोन्ही मिळतं.

वेलिंग्टन, दरीत

नेपोलियनला 1815 मध्ये वॉटर्लूला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन त्याआधी बारा वर्षं कुठे होता? गाविलगड किल्ल्याखाली, घाम पुसत. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. अडगावची लढाई जिंकून तो किल्ल्यावर चालून आला. तोफा डोंगरावर चढवायला रस्ता नव्हता, तो आधी तयार करावा लागला. बाहेरच्या किल्ल्याची भिंत फुटली, 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज आत घुसले आणि बघतात तर काय, समोर आणखी एक किल्ला! मधे खोल दरी. दरवाजातून शिरणं म्हणजे मरण.

तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी स्कॉटिश तुकडी घेऊन त्या दरीत उतरला, समोरची चढण चढला, भिंतीला शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने या वेढ्यावर अख्खी कादंबरी लिहिली. आपण किल्ल्यावर जातो, फोटो काढतो नि भजी खायला चिखलदऱ्याला परततो. पुढच्या वेळी त्या दरीच्या काठावर पाच मिनिटं उभे राहा. शिडी घेऊन चढायची कल्पना कुणाला सुचली असेल, याचंच नवल वाटतं.

चिखलदऱ्याचा चिखलाशी संबंध नाही

भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं ती कीचकदरा, तिचं झालं चिखलदरा. हात धुतले ते भीमकुंड. पंचबोल पॉइंटला हाक मारली की पाच वेळा परत येते म्हणतात. माझी तीनदाच आली, आवाजच बेताचा असावा. शेजारचं वैराट हे सर्वांत उंच टोक, साधारण 1,177 मीटर. परतवाड्याकडून धामणगाव गढीमार्गे सायकल चढवलीत तर सातेकशे मीटरची चढण पायात उतरते. वर पोचल्यावर इथल्याच मातीतली कॉफी मागा, चहा नको.

आणि इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतले दोन शब्द सोबत घ्या. ‘सिपना’ म्हणजे साग; नदीचं नाव तिच्या काठच्या झाडावरून. ‘कोरकू’ म्हणजे नुसतं ‘माणसं’. ही भाषा मराठीच्या नव्हे, संथाली-मुंडारीच्या गोतातली, त्या घराण्यातली सर्वांत पश्चिमेकडची.

जाण्याआधी

चिखलदऱ्याभोवतीचं मेळघाटचं जंगल 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलातल्या वाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नका, वाघाला घंटी ऐकू येते. घळीत उतरायचं तर वर डोंगरावर आभाळ कसं आहे ते आधी बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढ्याला पूर येतो. कपारीत आग्यामोहळ लटकत असेल तर अत्तर, विडी, आरडाओरडा तिन्ही बंद. माणशी तीन लिटर पाणी आणि एक जादा ट्यूब.

वाट विचाराल तेव्हा एक लक्षात ठेवा. ‘हे काय भाऊ, इथंच तं हाय’ असं कुणी म्हणालं तर पाच किलोमीटर धरा. ‘थोडं दूर हाय’ म्हणालं तर डबा उघडून आधी जेवून घ्या.